‘ग्लॅमर’ हा शब्द मूळचा फ्रेंच आहे का? जुन्या इंग्रजी साहित्यात तो कोणत्या अर्थाने येतो आणि त्यासाठी कोणता शब्दकोश पाहावा?

नाही, तो स्कॉट्स आहे. आणि ‘जुन्या इंग्रजी साहित्यात’ याऐवजी ‘स्कॉटलंडच्या साहित्यात’ असे विचारले असते, तर उत्तर आपल्याला स्वतःलाच सापडले असते. अठराव्या शतकातल्या त्या बोलीत ग्लॅमर म्हणजे सौंदर्य नव्हे आणि झगमगाट तर नव्हेच. चेटूक करणाऱ्याने पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर घातलेली भूल म्हणजे ग्लॅमर. मराठीत याला नेमका शब्द आहे, नजरबंदी. आणि याच शब्दावरून एका संपादकांशी माझे बिनसले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वीसएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी ‘जॉनी फा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्कॉटिश कथागीताचा अनुवाद केला होता. जिप्सी एका सरदाराच्या दारात येऊन गातात, ते गोड गाणे ऐकून सरदाराची पत्नी दासींसह जिना उतरून खाली येते, आणि तिचा देखणा चेहरा दृष्टीस पडताच जिप्सी तिच्यावर ‘ग्लॅमर’ टाकतात. पुढे ती घरदार सोडून त्यांच्याबरोबर निघून जाते. मी लिहिले होते, ‘मुखडा तिचा दिसला न दिसला, नजरबंदी केली तिजवरी.’ अंक हाती आला तेव्हा छापलेली ओळ होती, ‘मुखडा तिचा दिसला न दिसला, मोहिनी पडली त्यांजवरी.’ म्हणजे ज्यांनी चेटूक केले तेच भुलले, आणि जिच्यावर चेटूक झाले ती मात्र शुद्धीवर राहिली! मग ती नवऱ्याला सोडून का गेली, याचा उलगडा पुढच्या कडव्यांतून कोणत्याही वाचकाला होणे शक्य नव्हते.

मी फोन केला. संपादकांचे म्हणणे असे की, नजरबंदी म्हणजे स्थानबद्धता असे वाचकांना वाटेल, आणि शिवाय ग्लॅमर म्हटले की रूपाचा उल्लेख यायलाच हवा. पहिला आक्षेप मला आजही पटत नाही. त्या अर्थाने मराठीत नजरकैद हा शब्द चांगला रुळलेला आहे. आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक गारुडी मातीत आंब्याची कोय पुरून त्यावर टोपली पालथी घाली, पाणी शिंपडी, आणि टोपली उचलली की वीतभर रोप उभे असे. मी पुढे सरकलो की आजी दंड धरून मागे ओढायची आणि म्हणायची, ‘टक लावून बघू नकोस, नजरबंदी करतोय तो.’ स्कॉटिश कवी वॉल्टर स्कॉटने आपल्या एका काव्याला जोडलेल्या टिपेत ग्लॅमरची जी व्याख्या दिली आहे, म्हणजे वस्तू असते एक आणि प्रेक्षकाला दिसते भलतेच अशी जादूची शक्ती, ती माझ्या निरक्षर आजीला तोंडपाठ होती.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही स्कॉटकडेच आहे. त्याच्या १८०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रल’ या काव्यात मायकेल स्कॉट नावाच्या मांत्रिकाची पोथी मेलरोझच्या मठातील थडग्यातून बाहेर काढली जाते, आणि तिच्यातला एकच मंत्र एका खुज्या, पिशाचवत नोकराच्या हाती लागतो. त्या मंत्रात ग्लॅमरचे बळ असते. त्याने कोळिष्टके भिंतीवरच्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात, अक्रोडाचे टरफल सोनेरी नाव भासते, म्हातारा तरुण वाटतो आणि तरुण म्हातारा. तो नोकर जखमी सरदाराला घेऊन पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून किल्ल्यात शिरतो, आणि पहारेकरी मागाहून शपथेवर सांगतात की, येथून फक्त गवताची गाडी गेली. या प्रसंगात कोणाचे रूप खुलले? आजचा चकचकीत अर्थ या शब्दाला हॉलिवूडच्या काळात येऊन चिकटला. तो मागे नेऊन जुन्या काव्यावर लादणे हे अज्ञान आहे.

व्युत्पत्तीची गंमत रॉबर्ट बर्न्सच्या १७८९ च्या एका कवितेत आहे. कॅप्टन ग्रोस नावाचा इंग्रज पुराणवस्तू-संशोधक स्कॉटलंडमधले पडके वाडे धुंडाळत फिरत होता. त्याच्यावरच्या या विनोदी कवितेत ‘ग्लॅमर’चा धंदा करणारे जिप्सी आणि नरकाचे काळे ‘ग्रॅमर’ घोकलेल्या चेटकिणी अशा यमकात येतात. हे दोन्ही शब्द मुळात एकच. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिन विद्या, आणि अडाणी माणसाच्या लेखी विद्या म्हणजे मंत्रतंत्र. ‘र’चा ‘ल’ झाला आणि ग्रॅमरचे ग्लॅमर झाले. ‘रलयोरभेदः’, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, हे संस्कृत वचन ऐकलेल्यांना याचे नवल वाटू नये. मात्र ग्रॅमर हा शब्द स्वतः जुन्या फ्रेंचमधून आलेला असल्याने, आपल्याला ‘फ्रेंच’ असे ज्यांनी सांगितले ते पणजोबांपुरते बरोबर आहेत, हे येथे नोंदवणे भाग आहे.

कोशाचे म्हणाल तर जॉन जेमीसनचा १८०८ चा स्कॉटिश कोश पाहावा. साधा इंग्रजी कोश या कामाचा नाही. आपण अनुवाद करणार असाल, तर क्रियापद कोणाकडून कोणाकडे जाते ते आधी तपासावे आणि छपाईपूर्वी मुद्रिते मागून घ्यावीत. मी ती मागितली नव्हती, एवढी चूक माझीही आहे. ‘मोहिनी’ या शब्दावरही माझा सरसकट राग नाही. असुरांना फसवणारी मोहिनी हीसुद्धा शेवटी नजरबंदीच होती. संपादकांनी ‘मोहिनी घातली तिजवरी’ एवढे जरी छापले असते, तरी मी फोन केला नसता.