पोलादातला हायड्रोजन मोजायला बसण्याआधी

भाऊ, मशीनची बटणं कुणीही शिकवेल, तू आधी नमुना सांभाळायला शिक. हायड्रोजनचा अणू एवढा चिमुकला की साध्या तापमानालाही पोलादातून सुटत राहतो, त्यात आपल्या जळगावचा मे महिना! भट्टीतून नमुना काढला की लगेच पाण्यात विझव आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाक. चहा नंतर.

मोजायच्या वेळी ॲसिटोनमध्ये बुडव, तुकड्यावर धरलेलं पांढरं हिम पूर्ण जाऊ दे. गंज कानशीने काढ. ग्राइंडरला लावू नकोस, तुकडा तापला की हायड्रोजन उडालाच. पुन्हा ॲसिटोन, मग सुकव. यानंतर फक्त चिमटा, बोट नाही. घाम किंवा गंजातलं पाणी मशीनच्या ग्राफाइटच्या मुशीत (ज्या भांड्यात तुकडा वितळतो त्यात) गेलं, तर त्याचाही हायड्रोजन तुझ्या आकड्यात धरला जातो.

रिकाम्या मुशीचं रीडिंग आणि प्रमाणित नमुना, म्हणजे ज्यातला हायड्रोजन आधीच माहीत आहे तो, रोज लाव. जाड फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या पोलादात) २ पीपीएमच्या, म्हणजे वजनाने दहा लाखात दोन भागांच्या, पुढे आकडा गेला की आत बारीक भेगांची भीती असते, म्हणून दोन रीडिंग जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळा होऊ नकोस, तिसरा तुकडा लाव.

वेल्डिंगवाले मिलीलिटर प्रति १०० ग्रॅममध्ये बोलतात. १ पीपीएम म्हणजे त्यांच्या मापात साधारण १.१२.