हिशेब संध्याकाळचा कर

प्रश्न : ताई, मी कोथरूड डेपोजवळ राहते आणि हिंजवडीला फेज १ मध्ये नोकरी करते. हायवेने सोळा-सतरा किलोमीटर भरतात. कॅबमध्ये जाता-येता दीड-दीड तास अडकून जीव मेटाकुटीला येतो, म्हणून सायकलने जायचं मनात आहे. शाळेत रोज सायकल चालवायचे, नंतर सुटली. कोणती सायकल घेऊ? घामाचं आणि पावसाचं काय? सासूबाई म्हणतात, "एवढं शिकून सायकलवर कशाला? आणि कुठे पडलीबिडलीस तर?" मला जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल. पण आधी माझं ऐक.

मी धनकवडीहून भोसरी एमआयडीसीत सायकलने जाते, अकरा वर्षं झाली. जायला वीस-एकवीस किलोमीटर, यायला तेवढंच. सकाळी सव्वासहाला निघाले की साडेसातला गेटवर. संध्याकाळी त्याच अंतराला पावणेदोन तास लागतात. म्हणून सायकलचा हिशेब सकाळचा करू नकोस, संध्याकाळचा कर. सकाळी पाय ताजे असतात, शिवाजी रोडवर शटरंसुद्धा उघडलेली नसतात. संध्याकाळी आठ तास उभं राहून काम झालेलं असतं. दापोडीपासून हॅरिस ब्रिजपर्यंत गाड्या खेटून उभ्या, पावसाळ्यात नैऋत्येचा वारा थेट तोंडावर, आणि स्वारगेट ओलांडलं की कात्रजच्या अंगाला चढ. इतकी वर्षं बसमधून ये-जा करून तो चढ मला कळलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात पद्मावतीला उतरले आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेले. रडू आलं होतं.

त्यानंतर मी फेरी दोन दिवसांत वाटली. सोमवारी सायकलने गेले, संध्याकाळी ती कंपनीतच ठेवून बसने परत आले. मंगळवारी बसने गेले आणि येताना सायकल आणली. महिनाभर हेच केलं. तूही हेच कर, तुला तर कॅब आहेच. मात्र सायकल रात्रभर ठेवायची परवानगी आधी लेखी घे. आमच्याकडे दुचाकीच्या पार्किंगसाठी स्टिकर लागायचा आणि सायकलला तो मिळायचा नाही, त्यावरून गेटवर रोज हुज्जत व्हायची. अर्ज दिला, तेव्हा कुठे ती थांबली.

आता रस्ता. हायवेने जाऊ नकोस. ट्रक आणि बस ज्या वेगाने शेजारून जातात, त्या वाऱ्यानेच सायकल हलते. तुझं पत्र वाचून गेल्या रविवारी मी मुद्दाम तिकडे फिरून आले. डेपोपासून चांदणी चौकापर्यंत चढ आहे, तो सकाळी निघाल्या निघाल्या येतो, म्हणून घाई न करता हलक्या गिअरवर काढ. चौकात २०२३ मध्ये नवा पूल आणि रॅम्प झाल्यापासून गाड्या वेगात वळतात. आपला रॅम्प कुठला ते एखाद्या रविवारी पहाटे जाऊन पक्कं कर, ऐन गर्दीत शोधत बसू नकोस. पुढे बावधन, पाषाण, तिथून लिंक रोडने बाणेर, बालेवाडी आणि म्हाळुंगेवरून हिंजवडी. थोडं लांब पडतं, पण जीव मुठीत धरून जावं लागत नाही. येताना पाषाणकडून पुन्हा चढ आहे आणि शेवटचा कोथरूडचा उतार अंधारात येतो. तिथे ब्रेक सोडून सुसाट येऊ नकोस.

सायकल साधी घे. पुढे सस्पेन्शन नको, जाड गुटगुटीत टायर नकोत. ७०० बाय ३५ च्या आसपासचा, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर रुंद टायर, मडगार्ड आणि मागे कॅरिअर एवढं पुरतं. कॅरिअर हवंच, कारण पाठीला सॅक लावली की घामाने पाठ चिंब होते.

पंक्चर काढायला मात्र पहिल्या महिन्यातच शीक. मला एकदा एका आठवड्यात तीन पंक्चर झाली, तिन्ही मागच्या चाकाला. ट्यूब बदलली तरी तेच. वाकडेवाडीच्या पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे खूण केली, आणि व्हॉल्व्ह जुळवून ती टायरच्या आत धरली. मग कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवला. खुणेपाशी कापूस अडकला. केसाएवढी बारीक तार होती, बाहेरून दिसत नव्हती, बोटालाही लागत नव्हती. मोठ्या गाड्यांचे टायर फुटले की त्यातल्या तारा रस्त्यावर पडतात, ती त्यातलीच. काकांनी ती नेलकटरने ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस आणि नेलकटर असतात.

घामाचं तू समजतेस तेवढं अवघड नाही. घरून आंघोळ करून निघ, ऑफिसात पोचल्यावर लगेच कपडे बदलू नकोस. दहा मिनिटं पंख्याखाली बस, घाम थांबू दे, मग ओल्या नॅपकिनने अंग पूस आणि बदल. घाईने बदललेला ड्रेस पाच मिनिटांत भिजतो. कपड्यांचे दोन जोड तिथेच ठेव. ओढणी घेऊन सायकल चालवायची नाही, मागच्या चाकात गेली की गळ्याशी येते.

पावसात मला भीती पाण्याची नाही, पाण्याखालच्या खड्ड्यांची वाटते. डबक्यातून जायचं नाही, मग मागचा कितीही हॉर्न वाजवो. चेंबरची लोखंडी झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे ओले झाले की घसरतात, तिथे ब्रेक दाबू नकोस. रिमचे ब्रेक ओले असताना उशिरा पकडतात, म्हणून सिग्नल दिसला की आधीपासून हलके दाबत राहा. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्याला लाव, सॅकला नको. मी सॅकला लावला होता आणि रेनकोटने तो झाकला जायचा. अंधाऱ्या पावसात कित्येक दिवस मी मागच्यांना दिसतच नव्हते, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालू नकोस. मीटरभर जागा सोड, म्हणजे उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं तरी वाचशील. सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, तिच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. मी ते वापरायचा खूप प्रयत्न केला. पण मध्येच टेम्पो उभे, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. शेवटी मी रस्त्यावर आले. हक्काची जागा असून ती वापरता येत नाही, याचा मला अजून राग येतो.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. पडायची भीती खरी आहे. हेल्मेट त्यांना सोबत नेऊन घे, आणि पोचल्याचा फोन रोज त्यांनाच कर. "एवढं शिकून" याला मात्र माझ्याकडे उत्तर आहे. माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. शिफ्ट सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, आणि मी त्यात त्यांची हिरवी सायकल शोधत उभी असायचे. त्याच सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले. सायकलवर बसणं मला कधीच कमीपणाचं वाटलं नाही.

पहिल्या दिवसासाठी बुधवार धर, सोमवारी सगळेच घाईत असतात. मंगळवारी रात्री हवा बघ, दिवा चार्जिंगला लाव, आणि एका डब्यात जास्तीची पोळी-भाजी घे. संध्याकाळी साडेपाचला जी भूक लागते, ती नुसत्या चहाने भागत नाही.