वाचक विचारतात: सेनेगलच्या बाजारात नाशिकचा कांदा चालेल का?

पश्चिम आफ्रिकेबद्दल जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक सेनेगलविषयी होती. कांदा, कणी आणि खत यांवरचे प्रश्न सर्वांत जास्त, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

नकाशावर सेनेगलच्या पोटात गांबिया नावाची चिंचोळी पट्टी घुसलेली दिसते. हा वेगळा देश कसा झाला? (शिक्षिका, पंचवटी)

गांबिया नदीतून आत शिरून इंग्रजांनी व्यापार धरला आणि भोवतालचा मुलूख फ्रेंचांनी घेतला. १८८९ च्या करारात दोघांनी नदीच्या दोन्ही काठांना सुमारे दहा-दहा किलोमीटरची पट्टी इंग्रजांकडे ठेवली. तीच हद्द आजही कायम आहे. सेनेगलचं क्षेत्रफळ सुमारे १,९६,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या १.८ कोटी भरली.

या पट्टीची झळ दक्षिणेकडच्या कासामांस भागाला बसली. तिथला माणूस राजधानी डाकारला जायचा तर गांबियातून नदी ओलांडून, नाहीतर लांबचा वळसा घेऊन. हिरवा, भातशेतीचा आणि जोला लोकांचा हा भाग स्वतःला तुटलेला समजत राहिला. १९८२ पासून तिथे फुटीर चळवळ सुरू झाली, ती आता बरीच मंदावली आहे. २६ सप्टेंबर २००२ ला याच भागातून डाकारकडे निघालेलं ‘ल जोला’ हे प्रवासी जहाज बुडालं. त्यात क्षमतेच्या तिपटीहून जास्त माणसं होती आणि १,८०० हून अधिक दगावली. गांबिया नदीवर फाराफेनीजवळचा पूल सुरू झाला तो थेट जानेवारी २०१९ मध्ये.

तिथे कांदा भरपूर खातात असं ऐकलं. आमचा माल जाईल का? काय काळजी घ्यावी? (कांदा उत्पादक, लासलगाव)

जाऊ शकतो, पण वर्षभर नाही, आणि फायद्याचं गणित अवघड आहे.

कांद्याची मागणी खरी आहे. ‘यास्सा’ या पदार्थात लिंबू-मोहरी लावलेल्या कोंबडीवर किंवा माशावर कांद्याचा थरच्या थर असतो. तिथे बकरी ईदेला तबास्की म्हणतात, त्या दिवसांत तर मागणी शिगेला पोहोचते. मात्र सेनेगल स्वतःही कांदा पिकवतं. डाकारपासून उत्तरेला सेंट लुईपर्यंत समुद्रकाठाने नियाय नावाचा वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी वरच लागतं. दुसरा भाग सेनेगल नदीच्या खोऱ्यात, पोदोरच्या आसपास. मुख्य वाण ‘व्हायोलेट द गाल्मी’, मूळचा नायजरमधला, जांभळट आणि तिखट.

हा माल वर्षाच्या सुरुवातीला बाजारात येऊ लागला की सरकार परदेशी कांद्याची आयात गोठवतं. स्थानिक साठा संपत आला की, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरकडे, पुन्हा मोकळी करतं. तारखा दरवर्षी बदलतात. बाजार नियमनाची सरकारी संस्था शेतकरी आणि आयातदार यांना समोर बसवून साठ्याचा अंदाज घेते आणि मग निर्णय होतो. म्हणून सौदा करण्याआधी त्या हंगामाची तारीख आणि आयातदाराचा परवाना कागदावर पाहून घ्या. कंटेनर समुद्रात असताना आयात गोठली तर माल बंदरातच सडतो.

आयात खुली असते तेव्हा समोर नेदरलँड्सचा पिवळा कांदा उभा असतो. त्याची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरचीच, आणि जहाज आठवड्या-दीड आठवड्यात डाकारला लागतं. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून महिना किंवा त्याहून जास्त मोडतो. त्यात आपल्याकडे त्या दिवसांत चाळीतला (साठवणीच्या हवेशीर छपरीतला) उन्हाळ कांदाच शिल्लक असतो आणि लासलगावातच भाव चढलेला असतो. एवढं सगळं जमून आलं तरच पाठवण्यात अर्थ आहे.

पाठवायचाच तर उन्हाळ कांदा पाठवा. पोळ (खरीप) किंवा रांगडा (लेट खरीप) कांदा इतका प्रवास सोसत नाही. ४० फुटी रीफर (थंड राखणाऱ्या) कंटेनरमध्ये २८-२९ टन माल बसतो. हवा खेळण्याचे झरोके उघडे ठेवायला लावा, ते बंद राहिले तर ओल साचून मानेकडून सड सुरू होते. फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावरचं वजन, नगांची संख्या आणि बिल ऑफ लेडिंगवरचे (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरचे) आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. पिशवीवरचा मजकूर फ्रेंचमध्ये घ्या. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देऊ नका: खात्रीच्या बँकेने दुजोरा दिलेलं लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैशाची हमी) घ्या आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा उतरवा. बंदरात रीफर अडकला तर जागेच्या भाड्याबरोबर विजेचे पैसेही रोज चढत जातात, ते कोणी भरायचे हे करारात आधीच लिहा.

आता या धोरणाबद्दल आमचं मत. सेनेगल आपल्या शेतकऱ्याचा माल बाजारात असताना बाहेरचा कांदा थांबवतं. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव पाडण्याचा सगळा भार उत्पादकावर टाकला गेला. सेनेगलचं धोरण त्या मानाने शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, आणि ते आम्हाला योग्य वाटतं.

पण नुसती आयात रोखून तिथलाही प्रश्न सुटलेला नाही. बाहेरचा माल बंद झाला की भाव वाढतो, भावाच्या मोहाने कच्चा कांदा उपटला जातो. वाळूच्या जमिनीत युरिया सढळ पडतो आणि काढणीपर्यंत पाणी चालू राहतं. असा कांदा जाड मानेचा, पाणचट निघतो, टिकत नाही, आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात लोटला जातो. मग काही आठवड्यांत भाव कोसळतो. यावरचा इलाज नाशिकच्या शेतकऱ्याला पाठ आहे: नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत, काढणीआधी १५-२० दिवस पाणी तोडायचं, निम्म्या माना पडल्या की काढणी, तीन-चार दिवस पातीसकट शेतात सुकवण, मग मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवून प्रतवारी केलेला माल हवेशीर चाळीत भरायचा. कांदा पाठवण्यापेक्षा तिथे चाळ बांधून देण्याच्या कामाला अधिक वाव आहे असं आम्हाला वाटतं.

सेनेगलला आपली कणी जाते. अख्खा तांदूळ सोडून ते कणी का घेतात? (भात गिरणीचालक, घोटी)

फ्रेंच राजवटीने शेतकऱ्याला भुईमुगाला जुंपलं आणि पोटासाठी आपल्याच ताब्यातल्या इंडोचायनामधून, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडून, गिरणीत उरलेली स्वस्त कणी आणली. दोन-तीन पिढ्यांत तीच आवड झाली. ‘चेबु जेन’ हा मासे-भाताचा राष्ट्रीय पदार्थ कणीचाच, कारण ती माशाचा रस्सा चांगला शोषते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली तेव्हा डाकारमध्ये काळजी पसरली. पुढे सरकारी विनंतीवरून सेनेगलला सवलत मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये बंदी उठली. मात्र हा व्यापार काकिनाड्यासारख्या बंदरातून हजारो टनांच्या जहाजांनी चालतो. एकट्या गिरणीला तो झेपणार नाही, मोठ्या निर्यातदाराला माल देणं हाच मार्ग. इंद्रायणीची चिकट कणी त्यात मिसळू नका. त्यांना शिजल्यावर सुटी राहणारी लागते.

तिथल्या नोटा कुठे छापतात? (निवृत्त प्रेस कामगार, नाशिकरोड)

फ्रान्समध्ये. नोटा शामालिएर इथल्या बँक ऑफ फ्रान्सच्या छापखान्यात, नाणी पेसाकच्या टांकसाळीत. चलन आहे सीएफए फ्रँक. बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो हे आठ देश तेच वापरतात. त्यांची सामाईक मध्यवर्ती बँक डाकारला आहे. दर पक्का बांधलेला: १ युरोला ६५५.९५७ फ्रँक.

यामुळे महागाई आटोक्यात राहते. पण आपल्या निर्यातीला मदत म्हणून चलन स्वस्त करण्याची मुभा कोणत्याही एका देशाला नाही. जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकची किंमत एका फटक्यात निम्मी केली, तेव्हा आयात केलेल्या तांदळाचा आणि औषधांचा भाव रातोरात भडकला. २०१९ च्या अखेरीस ‘इको’ हे नवं नाव जाहीर झालं आणि निम्मी गंगाजळी फ्रान्सकडे ठेवण्याची अट पुढे रद्द झाली. नोटेवर मात्र अजून जुनंच नाव आहे.

डीएपीचा सेनेगलशी संबंध काय? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

जवळचा आहे. ५० किलोच्या डीएपी गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. आपले कारखाने ते फॉस्फरिक आम्ल आणि अमोनियापासून करतात, आणि आम्ल बरंचसं मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल अशा देशांतून येतं. सेनेगलमध्ये ताइबा भागात फॉस्फेटचा खडक खणतात, गंधकाम्लाशी त्याची प्रक्रिया करून आम्ल काढतात आणि डाकार बंदरातून पाठवतात. हे काम करणारी कंपनी २०१४ पासून इंडोरामा समूहाकडे आहे. आम्लाच्या प्रत्येक टन स्फुरदामागे पाचेक टन जिप्समचा ढीग उरतो, त्याची विल्हेवाट हा तिथल्या गावांचा मोठा प्रश्न आहे.

शेजारी सगळीकडे लष्करी उठाव झाले, सेनेगल कसं वाचलं? (स्पर्धा परीक्षार्थी, कॉलेज रोड)

माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर इथे २०२० ते २०२३ दरम्यान लष्कराने सत्ता घेतली. सेनेगलमध्ये १९६० पासून एकही उठाव यशस्वी झालेला नाही. पहिले अध्यक्ष लेओपोल्ड सेदार सेंघोर १९८० च्या अखेरीस स्वतःहून पायउतार झाले. २००० आणि २०१२ मध्ये मतदानानेच सत्ता बदलली.

खरी कसोटी २०२४ मध्ये लागली. अध्यक्ष मॅकी साल यांनी २५ फेब्रुवारीची निवडणूक पुढे ढकलली, घटना परिषदेने तो निर्णय रद्द केला. बासिरू दिओमाय फाय १४ मार्चला तुरुंगातून सुटले आणि २४ मार्चला पहिल्याच फेरीत सुमारे ५४ टक्के मतांनी निवडून आले. नोव्हेंबरात त्यांच्या पास्तेफ पक्षाने संसदेतल्या १६५ पैकी १३० जागा घेतल्या. मग उघड झालं की आधीच्या सरकारने बरंच कर्ज हिशेबाबाहेर ठेवलं होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदत थांबवली. जून २०२४ मध्ये सांगोमार क्षेत्रातून खनिज तेल निघायला लागलं, पण लोकांच्या अपेक्षा आणि तिजोरी यांचा मेळ अजून बसलेला नाही. परीक्षेसाठी हा भाग नीट वाचा.

तिथल्या सूफी परंपरेबद्दल थोडं सांगा. (वाचक, मालेगाव)

सुमारे ९५ टक्के लोक मुसलमान, बहुतेक तिजानी किंवा मुरीद या सूफी सिलसिल्यांचे. मुरीद परंपरेचे संस्थापक शेख अहमदू बांबा (१८५३–१९२७). फ्रेंचांनी त्यांना १८९५ मध्ये गॅबॉनला हद्दपार केलं, १९०२ मध्ये ते परतले. कष्ट हीसुद्धा भक्ती ही त्यांची शिकवण, त्यातून मुरिदांनी भुईमुगाची शेती आणि व्यापार उभा केला. सफर महिन्याच्या १८ तारखेला तूबा शहरात लाखोंचा मेळा भरतो. तूबात दारू-तंबाखूला मनाई आहे. आणि पहिले अध्यक्ष सेंघोर कॅथलिक होते, हे या देशाबद्दल बरंच सांगून जातं.

कंपनीच्या कामाला दोन महिने डाकारला जायचं आहे. तयारी काय? (तंत्रज्ञ, सातपूर)

सर्वांत आधी पीतज्वराची लस. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि तिथेच बहुतेकांकडून चूक होते. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही, युरो न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. घड्याळ साडेपाच तास मागे करा. पाऊस जुलै ते ऑक्टोबर. इंग्रजीवर भागणार नाही: कार्यालयात फ्रेंच लागतं, कामगारांशी वोलोफ. यंत्राच्या माहितीपुस्तिकेची फ्रेंच प्रत आणि सुट्या भागांची छायाचित्रं सोबत ठेवा.