वागणुकीला गुण द्यायचे कसे? रेडिओग्राफी शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे प्रश्न

एक्स-रे काढताना रुग्णाची पोझिशन आणि एक्सपोजर (किरण सोडणे) यांची परीक्षा घेता येते, फिल्म समोर असते. विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलला, चूक झाल्यावर कसा वागला, याला गुण देताना मात्र बहुतेकांचा हात अडखळतो. त्याबद्दलच्या पाच प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : आमच्याकडे अंतर्गत मूल्यमापनात ‘वर्तन व वृत्ती’साठी १० गुण आहेत. जो तो अंदाजाने सात-आठ देतो. हे नेमकेपणाने मोजता येईल का? (क्लिनिकल प्रशिक्षक, नाशिक)

‘वृत्ती’ हा रकानाच काढून टाका. वृत्ती कोणाला दिसत नाही, कृती दिसते. ‘प्रामाणिक आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर उलट्या बाजूला लागल्याचे कोणी विचारण्याआधी सांगितले’ असे लिहा. ‘जबाबदार आहे’ म्हणजे काय? टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा) स्वतःचाच आहे, छातीवर आहे, लेड एप्रनच्या आत आहे. एक्सपोजर देण्यापूर्वी दार बंद केले आणि खोलीत नातेवाईक राहिलेला नाही ना ते पाहिले. गाउन बदलताना पडदा ओढला. आणखी एक खूण जरूर पाहा : सूटबुटातल्या रुग्णाला ‘तुम्ही’ आणि मजुराला ‘तू’ असे होते का? आदर खरा की दाखवायचा, हे ओळखायला याहून चांगली कसोटी नाही.

प्रत्येक कृतीसाठी चारच पायऱ्या ठेवा : अपेक्षेपेक्षा खूप कमी, कमी, अपेक्षेइतके, अपेक्षेपेक्षा चांगले. मधली सुरक्षित पायरी ठेवली की सगळे तिथेच गोळा होतात. ‘पाहायला मिळाले नाही’ हा पर्याय मात्र हवाच, नाहीतर न पाहिलेल्या गोष्टीलाही गुण पडतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तयार झालेली ‘पी-मेक्स’ ही पद्धत अशीच चार पायऱ्यांची आहे. ती डॉक्टरांसाठी केलेली असली तरी वेळ पाळणे, आपली मर्यादा ओळखणे, सहकाऱ्यांशी वागणे हे तिच्यातले भाग रेडिओग्राफीलाही चालतात.

एका नोंदीवरून काही ठरवू नका. एका पोस्टिंगमध्ये (एका विभागातल्या प्रशिक्षणकाळात) तीन-चार वेगवेगळ्या व्यक्तींकडून मिळून आठ-दहा छोट्या नोंदी घ्या. प्रत्येकीला १० ते १५ मिनिटे पुरतात. त्यातली एखादी पोर्टेबलची (खाटेजवळ मशीन नेऊन काढलेल्या एक्स-रेची), एखादी कॅज्युअल्टीतल्या रात्रीची असू द्या. सकाळच्या शांत खोलीत सगळेच चांगले वागतात.

प्रश्न : संवादकौशल्यासाठी ऑस्कीचे (ठरवून रचलेल्या प्रसंगांच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) एक स्टेशन करायचे आहे. रचना कशी असावी? (अधिव्याख्याता, कोल्हापूर)

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे : प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तोच प्रसंग, तोच वेळ, तीच गुणपत्रिका. म्हणून प्रसंग आधी पक्का करा. एक नमुना घ्या. २६ वर्षांची स्त्री, कंबरदुखी, लंबर स्पाइनचा (कमरेच्या मणक्यांचा) एक्स-रे, सोबत सासूबाई. रुग्णाची भूमिका करणारीला सांगून ठेवायचे, की सासूबाईंसमोर विचारले तर ‘नाही, तसे काही नाही’ म्हण. बाजूला घेऊन विचारले तर पाळी चुकून दोन आठवडे झाले हे सांग. विद्यार्थ्याला यातले काहीच कळू द्यायचे नाही.

वेळ ८ मिनिटे : पहिले मिनिट सूचना वाचायला, सहा प्रत्यक्ष कामाला, शेवटचे गुण लिहायला. एकूण २० गुण असे वाटता येतील : ओळख पटवणे ३, खासगीपणा ४, गरोदरपणाबद्दल स्पष्ट पण सभ्य प्रश्न ४, कारण समजावणे ४, पुढचा निर्णय ३ आणि रुग्णाची भूमिका करणारीच्या हातात २. निर्णयाचे गुण कशाला मिळतील तेही लिहून ठेवा. या तपासणीत किरण थेट ओटीपोटावरून जातात, म्हणून विद्यार्थ्याने एक्सपोजर थांबवून रेडिओलॉजिस्टला विचारायला हवे. ‘एका एक्स-रेने काही होत नाही’ असे स्वतःच ठरवून पुढे गेल्यास शून्य.

ओळख पटवताना ‘तुम्ही शिंदेबाई ना?’ असे विचारणाऱ्याला पूर्ण गुण देऊ नका. ओपीडीच्या गर्दीत दमलेला, कमी ऐकू येणारा माणूस कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणतो. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा, वय सांगा, कुठे दुखते ते दाखवा’ असे विचारून उत्तर कागदाशी पडताळले, तरच ओळख पटली. डाव्या-उजव्या बाजूची गफलतही तिथेच सापडते.

स्टेशन बिघडते ते बहुधा तीन कारणांनी. वर्गातलेच शिक्षक रुग्ण होतात आणि विद्यार्थी रुग्णाशी न बोलता सरांशी बोलतो. परीक्षक मान डोलावून उत्तर सुचवतात. किंवा यादी इतकी लांब होते की ‘नमस्कार केला, नाव सांगितले’ अशी पाठ केलेली पोपटपंची करून निम्मे गुण सुटतात. म्हणून यादीशिवाय परीक्षकाचे एक एकूण मत वेगळे नोंदवा, आणि दोन्हींत मोठा फरक पडला तर यादी दुरुस्त करा.

प्रश्न : एक विद्यार्थिनी तोंडी परीक्षेत अव्वल, इंग्रजी सफाईदार. पण तिच्या चेस्ट एक्स-रेचे रिपीट (पुन्हा काढावे लागलेले एक्स-रे) फार निघतात. याचा संवादाशी संबंध लावावा का? (विभागप्रमुख, जळगाव)

आधी रिपीटची कारणे वेगळी करा : पोझिशन, एक्सपोजर, हालचाल, अपुरा श्वास. शेवटची दोन जास्त असतील, तर अडचण बहुतेक वेळा बोलण्यात असते. चेस्टच्या पीए फिल्ममध्ये (किरण पाठीकडून छातीकडे जातात तिच्यात) डायफ्रॅमच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, वर मागच्या नऊ-दहा बरगड्या दिसायला हव्यात. सातच दिसत असतील तर रुग्णाने श्वास पुरता घेतला नाही किंवा केव्हा घ्यायचा ते त्याला कळले नाही.

तिला काम करताना पाहा. कन्सोलकडे (मशीनच्या बटणांच्या टेबलाकडे) जाण्याआधी ती रुग्णाकडून एकदा सराव करून घेते का? ‘मोठा श्वास घ्या... धरून ठेवा, हलू नका...’ यानंतर ‘आता सोडा’ म्हणते का? ते म्हणायचे राहिले की म्हातारी माणसे श्वास कोंडून तशीच उभी राहतात. काचेपलीकडून आवाज पोचत नसेल तर हाताची खूण आधी ठरवली का? खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘इन्स्पिरेशन होल्ड करा’ म्हणणे हा संवाद नव्हे, आणि त्याचे गुण कापलेच पाहिजेत, कारण प्रत्येक रिपीट म्हणजे रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरणोत्सर्ग.

परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याकडून सफाईदार मराठीची अपेक्षा मात्र धरू नका. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात २० ठरावीक वाक्ये पाठ करवा. त्यापुढे अडले तर तो मदत मागतो का, याला गुण द्या.

प्रश्न : रुग्णाने ‘फ्रॅक्चर आहे का?’ विचारले तर काय सांगावे? परीक्षेत ‘मला माहीत नाही’ म्हणालो आणि गुण गेले. (तृतीय वर्षाचा विद्यार्थी, पुणे)

गुण जाणे योग्यच होते. फिल्म तुमच्यासमोर असताना हे उत्तर रुग्णाला खोटे वाटते. ‘फिल्म नीट आली आहे. निदान डॉक्टर करतात, ते बघून तुम्हाला सांगतील. रिपोर्ट अमुक वेळी अमुक खिडकीवर मिळेल.’ इतके पुरते. याहून वाईट उत्तर ‘काळजीचे काही नाही’, कारण तो धीर द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. छातीच्या फिल्ममध्ये न्यूमोथोरॅक्ससारखे (फुप्फुसाबाहेर हवा साठणे) तातडीचे काही दिसले, तर रुग्णाला घरी पाठवू नका. ‘थोडे बसा, डॉक्टरांना फिल्म दाखवून येतो’ म्हणा आणि खरोखर लगेच जा.

सोनोग्राफीच्या खोलीत असाल आणि नातेवाईकांनी ‘पेढा की बर्फी?’ विचारले, तर हसून टाळणेही चालत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग कळवणे हा गुन्हा आहे. ‘हे सांगणे गुन्हा आहे, विचारू नका’ असे स्पष्ट सांगा आणि वरिष्ठांना कळवा. परीक्षक नेमके हेच पाहतात.

प्रश्न : ‘पोराचे वर्ष जाईल’ म्हणून टेक्निशियन कमी गुण देतच नाहीत. काय करावे? (समन्वयक, छत्रपती संभाजीनगर)

नोंद आणि निकाल यांची फारकत करा. टेक्निशियनने पाहिले ते लिहावे. पास-नापास तीन जणांच्या समितीने ठरवावे. एकट्याच्या सहीने मुलगा नापास होणार असेल तर कोणीही कचरेल, आणि त्यात गैर काही नाही.

चुकांचे वजनही वेगळे ठेवा. एकदा उशीर झाला, तर समज पुरे. पुन्हा पुन्हा तेच घडले आणि सांगूनही बदल नाही, तर लेखी सुधारणा-योजना. खोटी हजेरी, दुसऱ्याचा बॅज, गरोदरपणाबद्दल न विचारता ‘विचारले’ अशी नोंद, रुग्णाचे नाव दिसत असलेली फिल्म व्हॉट्सॲपवर टाकणे, हे पहिल्याच वेळी समितीपुढे. शिक्षकांच्या ग्रुपवर तशा फिल्म फिरत असतील तर आधी त्या थांबवा.

‘किरकोळ आहे, जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना एक अभ्यास दाखवा. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत, पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थीदशेतल्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वांत ठळक संबंध आढळला तो तीव्र बेजबाबदारपणाशी आणि सांगूनही न सुधारण्याशी.

नोंद त्याच दिवशी लिहा, विद्यार्थ्याला वाचून दाखवा, त्याचे म्हणणे खाली दोन ओळींत घ्या आणि दोघांच्या सह्या करा. पोस्टिंगच्या मध्यावर एकदा सगळ्या नोंदी एकत्र पाहा, म्हणजे सुधारायला निम्मा काळ उरतो. आणि स्वतःहून कबूल केलेल्या चुकीचे गुण कापू नका. ते कापले की पुढच्या पोस्टिंगला रिपीटच्या फिल्म गुपचूप डिलीट होऊ लागतात.