टाचेला बर्फ, चेहऱ्यालाही बर्फ?

प्रश्न : डॉक्टर, वय ४४, शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहायचं काम. दोन महिने झाले, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई घुसल्यासारखं होतं, जरा चाललं की बरं वाटतं. मैत्रीण म्हणते बर्फाने मसाज कर. मुलगी तर बर्फ चेहऱ्याला लावते आणि मलाही लाव म्हणते, गालावरचे वांग जातील म्हणे. सासूबाईंना शुगर आहे, त्यांचेही तळपाय दुखतात, त्यांनाही चालेल का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं आधी सांगतो, मला त्यांचीच जास्त काळजी वाटली. त्यांना बर्फ नको म्हणजे नकोच. शुगरने पायाची संवेदना कमी झालेली असली तर बर्फाचा चटका बसतोय हे त्यांना कळणारही नाही, आणि एकदा का फोड आला की ती जखम भरता भरत नाही. आधी त्यांचे पाय डॉक्टरांना दाखवा.

तुमचं लक्षण प्लांटर फॅसायटिसचं वाटतंय, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो तो टाचेजवळ दुखावतो, रात्रभर आखडून राहतो म्हणून पहिलं पाऊल जीव काढतं. इथे बर्फाने आराम पडतो. चहाचा कागदी कप पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा, गोठला की वरचा कागद बोटभर सोला, खाली कागदाला धरून टाचेवर गोल गोल फिरवत राहा, एका जागी दाबून धरू नका. आधी गार लागेल, मग जळजळेल, मग ठणकेल आणि शेवटी बधिर होईल, बधिर झालं की थांबायचं, ५ ते ७ मिनिटं खूप झाली. लगेच धावपळ नको, बधिर पायाला मार कळत नाही.

पण हा फक्त दुखण्यावरचा उतारा आहे. मुरगळल्यावर बर्फ लावा हे सूत्र १९७८ मध्ये ज्यांनी मांडलं त्या अमेरिकन डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फामुळे बरं होणं लांबू शकतं. तुमचं खरं औषध म्हणजे पोटरीचं आणि तळव्याचं स्ट्रेचिंग, अंथरुणातून उठायच्या आधीच टॉवेल पंजाला अडकवून आपल्याकडे ओढायचा, आणि घरातही मऊ चप्पल, अनवाणी फरशीवर नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सकाळची डोळ्यांखालची सूज तासाभरापुरती उतरते, चेहरा टवटवीत दिसतो, तेवढंच. वांगाचा रंग कातडीत असतो, तो बर्फाने जात नाही, उलट बर्फ थेट घासून कातडी भाजली तर आपल्या सावळ्या रंगावर काळे डाग मागे राहतात. लावायचाच तर मलमलच्या फडक्यात गुंडाळून, एक-दोन मिनिटं, हलता ठेवून. गार पाण्याने अंगावर गांधी उठत असतील किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर तेही नको. वांगासाठी रोज सनस्क्रीन लावा आणि एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.