नाळ जुळते का?

‘पहिल्याच भेटीत आमची नाळ जुळली’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. इतके लोक असे लिहितात की चूक म्हणवत नाही, पण मी तसे लिहिणार नाही. पहिल्या भेटीत सूर जुळतात. नाळ कोणी जुळवत नाही, ती जन्माआधीपासून असते.

शब्द संस्कृत ‘नाल’वरून आला. नाल म्हणजे पोकळ देठ, विशेषतः कमळाचा. फल-फळ, काल-काळ, तसे नाल-नाळ. नळ, नळी हे याच गोतावळ्यातले. सह्याद्रीत दोन कड्यांमधल्या खड्या, अरुंद घळीलाही नाळ म्हणतात. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ भटक्यांना ठाऊक असेल. घोड्याचा नाल मात्र परका. तो अरबीतून आलेला, आणि पुल्लिंगी.

आता शरीरातली नाळ. ती बाळाच्या बेंबीपासून निघते आणि वारेला जाऊन मिळते. नाळ आणि वार यांची सर्रास गल्लत होते. गर्भाशयाला चिकटलेली असते ती वार. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंटीमीटर लांब असते. तिच्यात दोन धमन्या आणि एक शीर. एरवी धमनीत शुद्ध रक्त असते हे आपण शाळेत शिकतो, इथे उलटे: प्राणवायू आणि पोषण शिरेतून बाळाकडे येते आणि धमन्या अशुद्ध रक्त वारेकडे नेतात. आईचे आणि बाळाचे रक्त सहसा एकमेकांत मिसळतही नाही, वारेतल्या पातळ पडद्याआडून फक्त देवघेव चालते. रक्ताच्या नात्याच्या गोष्टी करणाऱ्या भाषेला अर्थात त्याचे काय!

मला खरी गंमत क्रियापदांत वाटते. प्रसूतीत नाळ कापतात. तिच्यात मज्जातंतू नसल्याने बाळाला ते दुखत नाही, आणि त्यानंतरच त्याचे स्वतंत्र जगणे सुरू होते. लाक्षणिक अर्थाने मात्र नाळ ‘तुटते’, आणि तुटली की हळहळच. ‘शहरात गेला आणि गावाशी नाळ तुटली’ हे कौतुकाने कोणी म्हणत नाही. मुद्दाम संबंध तोडला असेल तर ‘नाळ तोडली’ चालते, पण त्यातही बोलणाऱ्याचा ठपका ऐकू येतोच.

जुन्या बोलण्यातला ‘नाळ पुरलेली असणे’ हा प्रयोग मला जास्त आवडतो. कापलेली नाळ घराजवळ पुरत, त्यावरून तो आला. सारखे एकाच ठिकाणी धावणाऱ्याला ‘तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?’ असे विचारत. त्यात उगमाचा अर्थ शाबूत आहे. म्हणून गाव, माती, मातृभाषा यांच्याशी नाळ जोडलेली असते, हे पटते. ‘ग्राहकांशी नाळ जोडणारी बँक’ वाचले की मात्र हसू येते. तिथे साधे ‘संबंध’ पुरे.