लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला वाढत्या अंगाचा क्रेट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सिडकोत वन बीएचके, तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, आणि दुकानदार म्हणतोय की ४८ इंची क्रेट (कुत्र्याला ठेवायचा जाळीचा पिंजरा) घ्या, एकदाच काय तो खर्च, कुत्रंही ऐसपैस राहील. घ्यावा का?

नका घेऊ. ४२ इंची घ्या, आणि त्यासोबत मध्ये लावायचं जाळीचं पार्टिशन येतंय ना, ते खोका उघडून तिथेच बघा. घाईत असाल तर एवढं पुरे. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण ही चूक मी पैसे मोजून केलेली आहे.

आमच्या घरात शाळेचा युनिफॉर्म नेहमी वाढत्या अंगाचा शिवायचे. त्याच हिशेबाने आमचा कुत्रा बंड्या अडीच महिन्यांचा असताना मी ४८ इंची क्रेट इंदिरानगरच्या घरी आणला. पहिल्याच रात्री बंड्याने त्याचं वन आरके करून टाकलं. मागच्या कोपऱ्यात बेडरूम, दाराजवळ बाथरूम. पहाटे साडेचारला वास आला म्हणून उठून पाहिलं तर साहेब कोरड्या गोधडीवर उताणे, आणि पुढचा अर्धा ट्रे ओला.

झोपायची जागा घाण करणं कुत्र्याला आवडत नाही. जागा बेताची असली की पिल्लू धरून ठेवतं, कुईकुई करतं, आपण उठून बाहेर नेतो, आणि हळूहळू त्याला सवय लागते. क्रेटचा निम्मा उपयोग इथे आहे. चार पावलं लांब जाऊन मोकळं होता आलं तर ते कशाला कुईकुई करेल? त्याची अडचण तिथल्या तिथेच सुटली.

मग मी जागा कमी करायला आत पुठ्ठ्याचा खोका ठेवला. तो त्याने फाडून अर्धा खाल्ला आणि डॉक्टरांकडे एक फेरी झाली. नंतर प्लायवुडचा तुकडा लावला, त्याच्या कडा कुरतडून कुसळं निघायला लागली. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. तो क्रेट आता गच्चीवर आहे. मे महिन्यात आई त्यात कुरडया वाळत घालते, कबुतरं शिरत नाहीत.

पार्टिशन म्हणजे पँटची दुमड समजा. कापड पूर्ण मापाचं, पण आज लागेल तेवढंच मोकळं. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून आडवं होता येईल एवढी जागा ठेवायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी मागे सरकवायची. लॅब्रॅडॉर वर्षाच्या आसपास उंची-लांबीला जवळजवळ पूर्ण होतो, नंतर अंगाने भरतो. म्हणजे दुमड सोडायचं काम काही महिन्यांचंच आहे.

आता मापाबद्दल. जातीवर किंवा वजनावर जाऊ नका, टेप लावा. शिवणकामाची कापडी टेप चांगली, लोखंडी टेपच्या आवाजाला आमचा बंड्या आजही पलंगाखाली जातो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्यायची. शेपटी मोजायची नाही, ती क्रेटमध्ये अंगाभोवती वळते. उंची कुत्र्याला बसवून घ्या, कारण बरीच कुत्री बसली की डोकं अगदी ताठ धरतात. मी बंड्याला भिंतीला टेकवून बसवलं, डोक्यावर वही आडवी धरली आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. हे सगळं समोर पोळीचा तुकडा धरून कोणीतरी उभं असेल तरच जमतं. एकट्याने करायला गेलात तर तो वही चाटेल.

दोन्ही मापांत चार बोटं वाढवायची, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर. पूर्ण वाढलेला बंड्या नाक ते शेपटीचं मूळ ९२ सेंटीमीटर भरला आणि बसल्यावर ६६. चार बोटं धरून १०० आणि ७४. क्रेटवर २४, ३०, ३६, ४२, ४८ असे जे आकडे असतात ते लांबीचे इंच. ४२ इंच म्हणजे १०७ सेंटीमीटर, आणि त्या क्रेटची उंची साधारण २८ ते ३० इंच असते. मावला की. फक्त हे आकडे बाहेरून बाहेर असतात, आतला ट्रे थोडा कमीच भरतो. शिवाय सोलापुरी चादर चार घड्या करून घातलीत तर उंचीतून तीही वजा होते.

पिल्लाच्या आई-बापाला बघता आलं तर बघा. तुमच्या लॅबची आई अगदीच धिप्पाड असेल, तर त्याच टेपने तिचंही माप घ्या. बाकी जातींचं थोडक्यात: पग आणि शिह त्झू बहुतेकदा २४ मध्ये, बीगल ३० मध्ये, जर्मन शेफर्डचा मोठा नर ४८ मध्ये. ग्रेट डेनला ४८ सुद्धा तोकडा पडतो.

गावठी कुत्र्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण दुकानातले तक्ते त्यांना विचारातच घेत नाहीत. आमची चिंगी पंचवटीतून आलेली, सडपातळ, लांब पायांची, कान कायम उभे. लांबी ७२, म्हणजे ३६ इंची आरामात पुरला असता. पण बसल्यावर कानाच्या टोकापर्यंत ६४, आणि ३६ इंची क्रेट उंचीला साधारण २४-२५ इंच, म्हणजे ६१ ते ६४ सेंटीमीटर. कान छताला घासले असते. लांबी एक साइझ सांगते आणि उंची दुसरी, तेव्हा मोठीचं ऐकायचं. तिच्यासाठीही ४२ घेतला, आणि मागे थोडी जागा रिकामी राहते ती राहू दे. ती मोठी झाल्यावर आली आणि बाहेर जाऊन मोकळं व्हायची सवय तिला आधीच होती, त्यामुळे बंड्यासारखा घोळ झाला नाही.

नाशिकमध्ये आणखी एक मोह असतो. अंबड नाहीतर सातपूरमध्ये कोणीतरी फॅब्रिकेशनवाला ओळखीचा निघतोच आणि म्हणतो, आणा माप, दोन दिवसांत पिंजरा करून देतो. मजबूत होतो, शंका नाही. पण गजांतलं अंतर पिल्लाच्या डोक्याच्या हिशेबाने सांगा, डोकं आत जाऊन अडकलं तर फार वाईट. वेल्डिंगच्या जागा ग्राइंडरने गुळगुळीत करून घ्या. आणि तो घडी होत नाही हे विसरू नका. वन बीएचकेत पाहुणे आले की कळतं.

जागेचंही माप घ्या. ४२ इंची क्रेट जमिनीवर साडेतीन फूट बाय जवळजवळ अडीच फूट जागा खातो, शिवाय दार उघडायला पुढे जागा लागते. फरशीवर खडूने चौकट आखा आणि दोन दिवस त्या चौकटीत पाय न ठेवता वावरून बघा. मी स्वयंपाकघराच्या वाटेत आखली होती, आईने त्याच संध्याकाळी पुसली. पश्चिमेच्या खिडकीखाली किंवा गॅलरीत नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि आत बंद असलेल्या जनावराला सावलीकडे सरकता येत नाही. थंडीत तीन बाजूंनी जुनी चादर टाकली की झालं.

तुम्ही दोघंही कामावर जाता असं लिहिलंय. त्यासाठी मोठा क्रेट हे उत्तर नाही. महिने अधिक एक, एवढे तास पिल्लू फार तर धरू शकतं असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तुमचं चार तास, तेही ताणून. पूर्ण शिफ्टभर कोंडायचं असेल तर ४८ काय आणि ६० काय. दुपारी शेजारच्या काकूंना किल्ली द्या, किंवा हॉलचा एक कोपरा जाळीच्या कुंपणाने अडवून पाणी आणि वर्तमानपत्रं ठेवा.

प्रवासाचा क्रेट हा वेगळा विषय. विमानासाठी आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मापं असतात: लांबीसाठी नाक ते शेपटीचं मूळ या मापात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवतात आणि रुंदी खांद्याच्या दुप्पट धरतात. तिकिटाआधी विमान कंपनीला विचाराच. गाडीत मात्र उलट, क्रेट अंगासरशी हवा, नाहीतर कसाऱ्याच्या घाटात प्रत्येक वळणावर कुत्रं या भिंतीवरून त्या भिंतीवर. ४२ इंची हॅचबॅकच्या डिकीत मावत नाही, हे मी दुकानाच्या दारात उभं राहून शिकले.

आणि क्रेटमध्ये सोडताना गळ्यातला पट्टा काढा. त्याचं बक्कल जाळीत अडकतं.